जुनी मोटार घेण्यापूर्वी : वातानुकूलन यंत्राची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून समाजाची स्थितिगती, शिक्षणनिधी, वधूवर परिचय अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची आपली परंपरा आहे. त्या परंपरेत जुन्या मोटारीच्या ‘ए. सी.’सारखा क्षुल्लक विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. परंतु आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांत पहिली मोटार येते ती जुनीच येते. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे, कपाशीचे वा सोयाबीनचे आलेले पैसे, मुलाच्या पहिल्या नोकरीची शिल्लक, यांतून ती घेतली जाते. ज्या व्यवहारात कुटुंबाची तीनचार वर्षांची बचत एका दुपारी दुसऱ्याच्या हाती जाते, तो व्यवहार क्षुल्लक कसा म्हणावा? शिवाय या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार यंत्रशास्त्राचा नाही. ठेच लागलेल्या माणसाचा आहे. ती ठेच कशी लागली हे आधी सांगतो, म्हणजे पुढील विवेचनास आधार मिळेल.

सन २०१९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, आम्ही अकोल्यात सात वर्षे वापरलेली एक मोटार घेतली. विकणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतील, चांगले प्रतिष्ठित. सकाळी आठ वाजता त्यांच्या अंगणात गाडी पाहिली. त्यांनी ए. सी. लावून दाखविला, जाळीतून गार वारा आला, आम्ही मान डोलावली. जानेवारीत सकाळी आठ वाजता वऱ्हाडात कोणत्याही भोकातून येणारा वारा गारच असतो, एवढा साधा विचार त्या वेळी आमच्या डोक्यात आला नाही. आपल्या माणसाला उलटतपासणीचे प्रश्न कसे विचारावे, हा संकोच तर होताच.

मे महिना आला. नवतपा सुरू होता. अमरावतीस आमच्या आतेभावाच्या मुलाचे लग्न होते आणि वराची आजी, म्हणजे आमच्या आत्याबाई, वय वर्षे ७८, आमच्याबरोबर अकोल्याहून निघाल्या. निघण्यास साडेअकरा झाले. बोरगाव मंजूपर्यंत गाडीत गारवा होता. त्या काळी हा रस्ता खाचखळग्यांचा होता. गाडी धावण्याऐवजी रांगत होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे वारा कोमट झाला. मूर्तिजापूर ओलांडले आणि तो भट्टीतून यावा तसा येऊ लागला. काचा खाली केल्या तर बाहेरची झळ आत. माना आणि कुरुम यांच्या दरम्यान आत्याबाईंचे बोलणे तुटू लागले. एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली, डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला, आणि गाडी परत मूर्तिजापूरकडे वळविली. तेथे एका डॉक्टरांनी त्यांना सलाईन लावले आणि सायंकाळपर्यंत हलू दिले नाही. त्या बऱ्या झाल्या, ही ईश्वराची कृपा. परंतु ज्या नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकण्यासाठी त्या निघाल्या होत्या, त्याचे लग्न त्यांच्यावाचून लागले. शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, “मुहूर्त टळला का रे?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्हास देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्याच उत्तराचा एक उशिराचा प्रयत्न समजावा.

पुढे मिस्त्रीने गाडी तपासली तेव्हा कळले की आतील कूलिंग कॉइल झिरपत होती आणि पूर्वीचे मालक दर वर्षी गॅस भरून वेळ मारून नेत होते. आम्ही त्यांना विचारले असता ते म्हणाले, “तुम्ही विचारलंच नाही.” हे उत्तर कठोर होते, पण खोटे नव्हते. मिस्त्रीने मात्र एका वाक्यात सारे शास्त्र सांगितले : “गाडी काई ग्यास खात नसते भाऊ, गेला म्हंजे कोठून तरी निंगालाच.”

हे वाक्य ज्यास कळले त्यास अर्धी परीक्षा साधली. उरलेली अर्धी साधण्यासाठी यंत्राचे कार्य थोडक्यात समजून घेऊ.

आपल्या घरातील माठ पाणी गार का करतो? त्याच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते म्हणून. वाळ्याचे ताटवे आणि आपला कूलर हेच तत्त्व वापरतात. मोटारीतील यंत्राचेही तत्त्व तेच. फरक इतकाच की येथे उडून जाणारा द्रव पुन्हा पकडून आणला जातो. बंद नळ्यांतून फिरणारा हा द्रव, ज्यास आपण नुसते ‘गॅस’ म्हणतो, बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए हा असतो. साध्या हवेच्या दाबाखाली तो शून्याखाली सुमारे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून वायू होतो आणि गाडीतील उष्णता शोषून घेतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्यास दाबतो, त्यामुळे तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेस देऊन तो पुन्हा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातील ओलावा टिपतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह त्याचा दाब उतरवितो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. गॅस या फेऱ्यात खर्च होत नाही. लहान गाडीत तो अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो, एवढेच. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो’ असे जो सांगतो, तो आपल्या गाडीचा रोग स्वतःच्याच तोंडाने सांगत असतो.

या विद्येचा इतिहास मनोरंजक आहे. सन १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र रचले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून. मोटारीत कारखान्यातच बसविलेले असे यंत्र पॅकार्ड कंपनीने सन १९३९ मध्ये प्रथम लोकांपुढे मांडले. पुढे या यंत्रांतील जुना वायू आकाशातील ओझोनचा थर विरळ करतो असे आढळले; सन १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो क्रमाने बंद झाला आणि आर-१३४ए आला. यापासून ओझोनला धोका नाही. परंतु वातावरण तापविण्याची त्याची शक्ती, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. म्हणून सन २०१६ च्या किगाली करारात याही वर्गातील वायू कमी करण्याचे ठरले. तात्पर्य, गळक्या यंत्रात वर्षानुवर्षे गॅस ओतीत राहणे हे खिशास जसे अहितकर, तसेच ज्या उन्हाने आपण पोळतो त्या उन्हातही भर घालणारे आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू.

पहिली गोष्ट वेळेची. गाडी सकाळी किंवा दिवे लागल्यावर पाहू नये. भर दुपारी पाहावी. शक्य असल्यास हा व्यवहार चैत्रवैशाखात करावा. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत जे यंत्र टिकले ते इतर वेळी टिकणारच. आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये अशी मालकास विनंती करावी आणि गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून पाहावे. दारे उघडताच अत्तराचा दर्प आला तर मनात नोंद करावी. त्याखाली कुबट वास दडलेला असू शकतो. कुबट वास म्हणजे कॉइलवरची बुरशी किंवा तुंबलेली पाण्याची नळी. डाव्या बाजूस पुढे बसणाऱ्याच्या पायाखालची चटई उचलून हात फिरवावा. ओल लागली तर तीच शंका दृढ होते.

दुसरी परीक्षा डोळ्यांची, इंजिन बंद असताना. पुढच्या जाळीतून कंडेन्सर दिसतो. त्याच्या बारीक पात्या वाकलेल्या, चिखलाने वा कापसाच्या तंतूंनी भरलेल्या आहेत काय? सारी गाडी जुनी आणि कंडेन्सर तेवढा कोरा करकरीत, असे असेल तर पुढून धडक बसली होती काय, हे विचारावे. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर तो गळतीचा साक्षीदार होय; कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते, आणि गॅस अदृश्य होऊन निसटला तरी तेल मागे राहते. गाडीचा क्रमांक एमएच-२७ वा एमएच-३० म्हणजे अमरावती-अकोल्याचा असेल तर तिने येथील ऊन सोसले आहे. मुंबई वा कोकणातून आलेली असेल तर खाऱ्या हवेने कंडेन्सर व नळ्या गंजल्या आहेत काय, ते विशेष बारकाईने पाहावे.

तिसरी परीक्षा कानांची. इंजिन सुरू करून प्रथम नुसता पंखा सर्व गतींवर चालवावा. केवळ शेवटच्या गतीवरच चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळला आहे. हा खर्च लहान. मग ए. सी.ची कळ दाबावी. बहुतेक गाड्यांत ‘टक्’ असा क्लचचा आवाज येतो, इंजिनाची गती क्षणभर दबते आणि पुढचा पंखा फिरू लागतो. काही नव्या रचनेच्या गाड्यांत असा क्लच नसतो, हे ध्यानात असावे. ही टकटक दर काही सेकंदांनी होत राहिली तर गॅस कमी असण्याचा संभव फार. घरघर केवळ ए. सी. लावल्यावर येते, की बंद असतानाही येते? लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसरवर संशय. बंद असतानाही येत असेल तर पुलीचे बेअरिंग.

चौथी परीक्षा थर्मामीटरची. हिच्यासाठी स्वयंपाकघरात वा प्रयोगशाळेत वापरतात तसा काडीचा लहान थर्मामीटर पुरे. प्रथम काचा उघडून आतील तापलेली हवा जाऊ द्यावी. उन्हात बंद उभी असलेली गाडी तासाभरात बाहेरपेक्षा वीस अंशांनीही अधिक तापते, आणि म्हणूनच मूल किंवा वृद्ध माणूस अशा गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नये. मग काचा लावून, आतलीच हवा फिरण्याची कळ दाबून, थर्मामीटर मधल्या जाळीत खोचावा आणि दहा मिनिटे थांबावे. जाळीतील हवा बाहेरच्या सावलीतील हवेपेक्षा वीस अंशांच्या आसपास थंड असेल तर यंत्र आपले काम करीत आहे. बाहेर ४४ असता जाळीत ३२ लागत असेल, तर मालकाने कितीही ‘अजून थोडं चालू द्या’ म्हटले तरी आपण आकड्यावरच विश्वास ठेवावा. हात फसतो, पारा फसत नाही.

पाचवी परीक्षा रस्त्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. दोन मिनिटे नव्हे, किमान पाऊण तास गाडी चालवावी. अमरावती-अकोल्याच्या मंडळींना यास आता सबब नाही. सन २०२२ च्या जून महिन्यात याच महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या रस्त्यावर वेगाने जावे, नंतर बडनेऱ्याच्या वा अकोल्याच्या गर्दीत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहावे. धावताना गार आणि उभे राहताच गरम, असे झाले तर कंडेन्सरचा पंखा मंद आहे किंवा कंडेन्सर तुंबला आहे. आमची गाडी बोलत होती ती हीच भाषा. गॅस आधीच कमी, त्यात खाचखळग्यांतून रांगणे. सुरुवातीस उत्तम गार, पण अर्ध्या तासाने वाराच मंदावतो आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येतो, असे झाले तर कॉइलवर बर्फ धरत आहे. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसरीतून कोमट येत असेल तर गॅस कमी, किंवा आतील हवेची झडप बिघडलेली.

याच वेळी इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे दृष्टी असावी. ए. सी. लावताच काटा चढू लागला तर दोष केवळ गारव्याचा नाही, इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा आहे. आणि तो खर्च अधिक मोठा. ‘ए. सी. कशाला लावता, ॲव्हरेज पडते’ असे म्हणणाऱ्या मालकाच्या काटकसरीमागे कधी कधी हेच कारण असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाड्या मे महिन्यात वाटेत बॉनेट उघडून उभ्या दिसतात, त्यांच्यापासून हा धडा घ्यावा.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. गाडीखाली पाणी ठिबकले म्हणजे ए. सी. चांगला, न ठिबकले म्हणजे वाईट, असे सरसकट म्हणतात. ठिबकणारे पाणी हे हवेतील बाष्प होय. श्रावणात ते धो धो ठिबकेल. परंतु वऱ्हाडातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत यंत्र उत्तम असूनही थेंब दिसणार नाहीत. म्हणून पावसाळ्यात पाणी पाहावे, उन्हाळ्यात पारा पाहावा.

या पाच परीक्षांत शंका आली, तरीही गाडी मनात भरलेली असेल, तर आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंचे दाब मोजून घ्यावे. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस गेला आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस अधिक भरला आहे किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. शोषणाच्या बाजूचा दाब चढलेला आणि दाबाच्या बाजूचा पडलेला असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे. गळती शोधण्यासाठी नायट्रोजन भरून दाब टिकतो काय ते पाहतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. गॅस भरावयाचाच असेल तर गळती बुजवून, पंपाने आतील हवा व ओलावा पूर्ण काढून, बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेल्या जातीचा आणि तितक्याच ग्रॅमचा भरावा.

खर्चाची चढण अशी असते : गाळणी व रेझिस्टर सर्वांत स्वस्त, पंखा त्याहून महाग, कंडेन्सर त्याहून, कूलिंग कॉइलसाठी कित्येक गाड्यांत सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो म्हणून मजुरीच जड, आणि शिखरावर कॉम्प्रेसर. तो आतून फुटला तर धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो आणि कंडेन्सर व ड्रायरही बदलावे लागतात. म्हणून मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम बोललेल्या किमतीतून वजा मागावी. मालक ‘फक्त गॅसच भरायचा आहे’ म्हणाला तर नम्रपणे म्हणावे, “मग आपणच भरून द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून पैसे देतो.” या एका वाक्याने खरेखोटे पुष्कळ वेगळे होते.

आता शेवटची आणि आमच्या मते मुख्य गोष्ट. आपल्यात आपसांत व्यवहार पुष्कळ होतात आणि ते व्हावेत, यासाठीच मंडळ आहे. परंतु ‘आपला माणूस आहे’ या शब्दांचा आपण दोन्ही बाजूंनी गैरवापर करतो. घेणारा त्या शब्दांखाली आपला आळस झाकतो आणि विकणारा आपले मौन. मुलीचे स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. त्यास कोणी अविश्वास म्हणत नाही. मग मोटार पाहताना प्रश्न विचारणे हा अपमान कसा? परीक्षा करणे हा घेणाऱ्याचा धर्म. आणि न विचारता दोष सांगणे हा विकणाऱ्याचा धर्म. पहिला चुकला तर पैसा जातो. दुसरा चुकला तर माणूस जातो.

आम्ही ती मोटार दुरुस्त करून आणखी काही वर्षे वापरली आणि पुढे विकली. विकताना एका कागदावर तिचे सर्व दोष लिहिले : कॉइल केव्हा बदलली, गॅस केव्हा भरला, मागच्या डाव्या काचेची कळ अडते, गर्दीत गारवा थोडा कमी पडतो. त्या कागदामुळे किंमत कमी आली, हे खोटे कशाला सांगावे? परंतु ज्यांनी ती घेतली ते आज या सभागृहात बसले आहेत आणि सकाळी त्यांनीच आम्हास चहा दिला. आमच्या हिशेबी तो व्यवहार फायद्याचा झाला.

मंडळास आमची एकच नम्र सूचना आहे. सभासदांनी आपसांत मोटार विकताना असा एक कागद, दोघांच्या सह्यांनिशी, देण्याची प्रथा पाडावी. यास ठराव नको, निधी नको, समिती नको. एक कागद आणि थोडे धैर्य पुरे.

आत्याबाई आज हयात नाहीत. त्या नातवाच्या पहिल्या मुलाचे बारसे मात्र त्यांनी मांडी घालून पाहिले, आणि त्या दिवशी त्यांना अकोल्याहून अमरावतीस नेताना जाळीत खोचलेला थर्मामीटर २१ अंश दाखवीत होता. “आता थोडं कमी कर रे, थंडी वाजते,” असे त्या बडनेऱ्याजवळ म्हणाल्या. इतके गोड वाक्य आम्ही त्या मोटारीत दुसरे ऐकले नाही.